गल्लीतला वाणी की सुपरमार्केट?

बेळगावात महिन्याचा बाजार भरताना साबण, चहा, बिस्किटे असा छापील किमतीचा माल सुपरमार्केटमध्ये बहुधा स्वस्त पडतो. कारण ते कंपनीकडून थेट आणि मोठ्या प्रमाणात खरेदी करते, तर गल्लीतल्या वाण्याचा माल वितरकाकडून किंवा रविवार पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याकडून येतो आणि मधल्या प्रत्येक टप्प्याचा नफा त्याच्या भावात मिसळतो. शेजारी सुपरमार्केट उघडले की वाण्यालाही भाव उतरवावा लागतो. ग्राहकाचा हा लाभ खरा आहे.

सुट्या मालाचे गणित मात्र निराळे आहे. पावशेर डाळ, दहा रुपयांचे तेल आणि पगार होईपर्यंत वहीवर मांडलेली बिनव्याजी उधारी, ही सोय, विशेषतः खानापूर-निपाणीकडच्या हातावर पोट असलेल्या घरांना, पाच-दहा टक्के सवलतीपेक्षा मोलाची वाटते, आणि त्यांचे बरोबरच आहे. शिवाय वाण्याकडे मराठी, कन्नड, कोणत्याही भाषेत हक्काने भाव विचारता येतो. सुपरमार्केटमध्ये सूट पाहून नको तेही टोपलीत पडते.

माझी खरी काळजी पुढची आहे: आजूबाजूची दुकाने बंद पडली, तर तीच सवलत चालू ठेवण्याचे सुपरमार्केटला कारण उरत नाही.