नोकरी सांभाळून रिहॅब सायन्सची मास्टर्स: आठ महिन्यांनंतर

कॅनडातल्या एका विद्यापीठाची ही ऑनलाइन मास्टर्स, प्रॅक्टिस करणाऱ्या फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी. हाताने करायचं नवं तंत्र शिकायचं असेल तर पैसे वाया जातील. इथे वाचायला आणि मोजायला शिकवतात. या पदवीवर कॅनडात प्रॅक्टिसचा परवानाही मिळत नाही, त्याची पात्रता तपासणी वेगळी.

फी वसूल झाली ती मापनाच्या विषयात. तोल तपासण्याचं बर्ग बॅलन्स स्केल 14 कृतींचं, 56 गुणांचं. पेशंट 42 वरून 45 वर गेला की ओपीडीत 'सुधारणा' लिहून आपण मोकळे. पण एवढा फरक तपासणारा बदलला तरी पडू शकतो. मोजणीतली चूक किती आणि पेशंटला जाणवेल असा किमान फरक किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. असाइनमेंटमध्ये गुण जातात ते इथेच. शिवाय ते आजारागणिक बदलतात. पार्किन्सनचा आकडा पक्षाघाताला लावायचा नाही.

सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीला 30 मीटरचा कॉरिडॉर हवा. आपल्याकडे 12 मीटरचा पॅसेज मोकळा मिळाला तरी नशीब! वळणं वाढतात, दर वळणाला वेग तुटतो, अंतर कमी भरतं. त्याच पॅसेजमधल्या आधीच्या आकड्याशी तुलना चालेल, 30 मीटरवरच्या मानकांशी नाही.

ट्रायलचा दर्जा जोखायच्या पेड्रो स्केलवर 11 मुद्दे, पण पहिला धरत नाहीत, म्हणून गुण 10 पैकी. व्यायामाच्या ट्रायलमध्ये कोणता उपचार चालू आहे हे थेरपिस्टपासून आणि पेशंटपासून लपवणं जवळपास अशक्य, त्यामुळे 8 म्हणजे उत्तमच. पेपरात लिहिलेलं नसेल तर गुण नाही. 'केलंच असेल' चालत नाही.

आठवड्याला 10-12 तास जातात. सबमिशन ऑन्टॅरिओच्या रात्री 11:59 ला, म्हणजे आपल्या सकाळी 9:29 ला. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की 10:29. ओपीडी नेमकी तेव्हाच भरलेली असते, तेव्हा आदल्या रात्रीच पाठवा.

प्रकल्पाला विद्यापीठाची आणि डेटा जिथला त्या हॉस्पिटलची, अशी दोन्हीकडची एथिक्स मंजुरी धरून चाला. कमिटी महिनोन्‌महिने बसत नाही, म्हणून अर्ज पहिल्या सत्रातच तयार ठेवा. उपचार देऊन परिणाम तपासणार असाल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही) नोंदणी हवी. मागाहून करता येत नाही.