वीस महिने, तीनशे कागद: अमेरिकन अध्यक्षीय प्रचाराचं छापील साहित्य जमवताना आलेला अनुभव

गेल्या वीस महिन्यांत माझ्याकडे अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकांच्या प्रचाराचे साधारण तीनशे कागद जमलेत. जुन्या मतपत्रिका, हँडबिलं, दुकानाच्या खिडकीत लावायची कार्डं, पोस्टकार्डं, गाडीला चिकटवायचे स्टिकर. बिल्ले आणि टोप्या मी घेत नाही, फक्त छापील कागद घेते. ओळखीतल्या दोघातिघांनी सुरुवात कशी करायची म्हणून विचारलं, तेव्हा ठरवलं की कशावर पैसे गेले, काय टिकलं आणि कुठे फसले ते एकदा नीट लिहून काढावं.

आम्ही ओहायोत राहतो, आणि या छंदाला याहून चांगली जागा नाही. सात राष्ट्राध्यक्ष या राज्यात जन्मले. त्यांतल्या तिघांनी तर प्रचार घराच्या ओसरीवरूनच केला: १८८० साली मेंटरला गारफील्ड, १८९६ साली कँटनला मॅकिन्ली आणि १९२० साली मॅरियनला हार्डिंग. मॅकिन्लीचा प्रतिस्पर्धी ब्रायन रेल्वेने देशभर सभा घेत फिरत होता आणि इकडे कँटनला रेल्वे भरभरून माणसं मॅकिन्लीच्या दारात येत होती. आलेली माणसं काही ना काही छापील घेऊन परत जायची. ते कागद अजूनही इथल्या जुन्या घरांच्या कपाटांतून, बायबलच्या पानांतून आणि सिगारच्या डब्यांतून निघतात. एखादं घर आवरताना सगळं सामान विकायला काढतात, त्याला इथे ‘इस्टेट सेल’ म्हणतात. माझा पहिला कागद अशाच एका सेलमध्ये १२ डॉलरला मिळाला.

ती १८८० सालची गारफील्ड-आर्थर या अध्यक्ष-उपाध्यक्षपदाच्या जोडीची ओहायोची मतपत्रिका होती. वीतभर लांब, चार बोटं रुंद पट्टी. वर पक्षाचं नाव, खाली २२ इलेक्टरांची, म्हणजे राज्याच्या वतीने अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची, नावं. ओहायोला तेव्हा तेवढीच इलेक्टोरल मतं होती. आपल्याला मतपत्रिका म्हटलं की सरकारी कागद आठवतो, पण त्या काळी सरकार मतपत्रिका छापतच नसे. प्रत्येक पक्ष आपापली छापून घ्यायचा, कार्यकर्ते ती मतदाराच्या हातात द्यायचे आणि मतदार तीच पेटीत टाकायचा. त्यामुळे कोण कुठल्या रंगाचा कागद टाकतोय हे चारचौघांना दिसायचं. सरकारने छापलेली, सगळे उमेदवार एकाच कागदावर असलेली गुप्त मतपत्रिका ऑस्ट्रेलियातून आली. संपूर्ण राज्यासाठी तिचा कायदा मॅसॅच्युसेट्सने १८८८ साली पहिल्यांदा केला आणि मग थोड्याच वर्षांत बहुतेक राज्यांनी ती घेतली. म्हणजे माझ्या हातातली पट्टी हा प्रचाराचाही कागद होता आणि मताचाही. गारफील्ड ती निवडणूक जिंकला, पण देशभरातल्या मतांचा फरक दहा हजारांहूनही कमी होता.

ही पट्टी मी व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवली. अण्णांचा मिरजेला पस्तीस वर्षं छापखाना होता. ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या केसेस, लग्नपत्रिका, आणि निवडणूक आली की गुलाबी-पिवळी हँडबिलं. त्यांनी आधी मजकूर वाचलाच नाही.

“मागच्या बाजूने बोट फिरव. दाब लागतो का?”

“लागतो अण्णा, बारीक उठाव आहे.”

“मग खिळ्यांवरचं काम आहे. आता कॅमेरा जवळ ने. तो ‘ई’ तुटका आहे आणि शेजारचा धड आहे, दिसतंय? घाईत जुळवलंय. जुळाऱ्याला रात्री बसवलं असणार.”

तेव्हापासून कुठलाही कागद हातात आला की आधी तो पालथा करते. सवाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या मतपत्रिका, छोटी हँडबिलं यांच्यासाठी ही चाचणी फुकट आणि बऱ्यापैकी खात्रीची आहे. फोटो काढून ऑफसेटवर छापलेली नक्कल मागून गुळगुळीत लागते.

दुसरं हत्यार म्हणजे दहा पट मोठं दाखवणारं भिंग. मी १८ डॉलरला घेतलं आणि या वीस महिन्यांतली सर्वांत उपयोगी खरेदी तीच. घ्यायला मात्र तीन महिने उशीर केला, त्याची किंमत ८५ डॉलर. एका अँटिक मॉलमध्ये करिअर अँड आइव्ह्ज या जुन्या चित्रछपाई कंपनीच्या १८६४ च्या ‘ग्रँड नॅशनल युनियन बॅनर’चा प्रिंट फ्रेममध्ये लावलेला होता. लिंकन आणि अँड्र्यू जॉन्सन, दोघांचे चेहरे शेजारी शेजारी. कागद पिवळा, फ्रेम जुनी, मी भुलले. घरी भिंग आल्यावर लिंकनच्या गालावर ठेवलं तर फुलासारखे रंगीत ठिपक्यांचे गोल दिसले. निळा, लाल, पिवळा, काळा, सगळे रांगेत. हे चाररंगी ऑफसेटचं लक्षण. खऱ्या दगडी छपाईत मेणकट खडूच्या रेघेसारखा वेडावाकडा कण दिसतो आणि रंग वरून हाताने भरलेला असतो, रेषेच्या बाहेर थोडा गेलेलाही असतो. हे बॅनर कॅलेंडरांसाठी आणि भिंतीवर लावायला पुन्हा पुन्हा छापले गेलेत, त्यामुळे फ्रेममधून काढून बघू न देणाऱ्याकडून मी आता ते घेत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मूळ प्रिंटचे मोठे स्कॅन मोफत उतरवता येतात. खरेदीआधी ते फोनवर घेऊन जाते.

१९७३ च्या कायद्याने राजकीय वस्तूंच्या नकलेवर ती कोणत्या वर्षी बनवली ते छापणं बंधनकारक आहे. म्हणून खालची कड नीट बघायची. एकाच बाजूची कड नव्याने कापल्यासारखी वाटली, तर तिथे काय लिहिलेलं होतं असा प्रश्न मला पडतो आणि मी कागद खाली ठेवते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कागदांना भिंगाचा तेवढा उपयोग होत नाही, कारण मूळही बहुतेकदा ऑफसेटवरचंच असतं. तिथे पत्ता वाचायचा. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड (आपल्या पिन कोडसारखा) १ जुलै १९६३ ला सुरू झाला. मोठ्या शहरांच्या नावापुढे टपालाचे एक-दोन आकडी झोन नंबर १९४३ पासून यायचे. मी एका विक्रेत्याकडून ‘१९६० चं’ म्हणून निक्सनचं हँडबिल ४० डॉलरला घेतलं. घरी येऊन तळाचा पत्ता वाचला तर झिप कोड! म्हणजे १९६० चं असणं शक्यच नाही, ते १९६८ च्या निवडणुकीचं निघालं, आणि त्या वर्षीचे कागद ढिगाने मिळतात. विक्रेत्याने परत घेतलं नाही. पत्ता दुकानातच वाचायला हवा होता.

पत्त्याच्या आसपास एक तांदळाच्या दाण्याएवढा अंडाकृती शिक्काही शोधा. तो छपाई कामगारांच्या युनियनचा, अलाइड प्रिंटिंग ट्रेड्स कौन्सिलचा शिक्का. त्यात शहराचं नाव आणि बऱ्याचदा छापखान्याचा नंबर असतो. अण्णांना हे फार आवडलं. आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७अ कलमानुसार निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो, ती शेवटची बारीक ओळ त्यांनी आयुष्यभर जुळवली. इथली ती ओळ बघितल्याशिवाय ते आता कागदावर मत देत नाहीत.

आता साठवणुकीबद्दल, कारण यात माझं खरं नुकसान झालं. सुरुवातीला स्टेशनरीच्या दुकानातून साधी प्लॅस्टिकची पाकिटं आणली. उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास येत होता, तिथेच थांबायला हवं होतं. ती पीव्हीसीची होती. जुलैच्या उकाड्यात १९६४ चा रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटरचा एक स्टिकर पाकिटाला आतून चिकटला. सोन्याची रासायनिक खूण एयू आणि पाण्याची एच-टू-ओ जोडून त्याचं नाव लिहिलेला, तो प्रसिद्ध नमुना. सोडवताना ‘ओ’चा अर्धा रंग प्लॅस्टिकवर गेला.

त्यानंतर मायलार या नावाने ओळखली जाणारी पॉलिएस्टर फिल्मची पाकिटं घेतली. महाग आहेत, साधारण तिप्पट. सतरा महिने झाले, एकही कागद चिकटला नाही, पाकीट पिवळं पडलं नाही. दोन तक्रारी आहेत. कडा धारदार आहेत, घाईत कागद सरकवला तर जुन्या घडीवर फाटतो. म्हणून आधी आत जाड कागद घालायचा आणि त्याच्यावरून मूळ कागद सरकवायचा. दुसरं म्हणजे ही फिल्म स्थिर विजेने कागद ओढून घेते. त्यामुळे रंग सुटत असलेली किंवा खडूने रंगवलेली कुठलीही वस्तू यात घालू नका.

प्रत्येक कागदामागे आम्लरहित, चुन्याचा अंश असलेला पुठ्ठा ठेवते. याचं कारण कागदातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद चिंध्यांपासून व्हायचा आणि तो अजूनही पांढरा, लवचिक आहे. नंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, तो स्वतःच्याच आम्लाने तपकिरी होऊन पापडासारखा तुटतो. माझ्याकडच्या १८४० सालचा उमेदवार हॅरिसनच्या एका छोट्या पत्रकाची तब्येत १९४० सालचा उमेदवार विल्कीच्या हँडबिलापेक्षा कितीतरी चांगली आहे. आम्लाचा कागद चारही बाजूंनी सीलबंद केला तर आतल्या आत लवकर खराब होतो, म्हणून पाकीट एका बाजूने उघडं ठेवायचं. लॅमिनेशन आणि सेलोटेप कधीच नाही.

पेट्या आधी तळघरात ठेवल्या होत्या. बारा डॉलरचं आर्द्रतामापक आणलं तर जुलैत ६८ टक्के! झोपायच्या खोलीतल्या कपाटात ४५ ते ५० असते. त्याच दिवशी सगळं वर आणलं, नवऱ्याचे स्वेटर खाली गेले.

या सगळ्या खटाटोपात मला ज्या कागदाने सर्वांत जास्त धरून ठेवलंय तो दिसायला काहीच नाही. १८८४ ची, मॅसॅच्युसेट्सची रिपब्लिकन मतपत्रिका, ब्लेन आणि लोगन. त्या वर्षी ब्लेनच्या सचोटीबद्दल शंका असलेले कित्येक रिपब्लिकन पक्ष सोडून डेमोक्रॅट क्लीव्हलंडच्या बाजूला गेले होते. बॉस्टनच्या परिसरात त्यांचं मोठं प्रस्थ होतं. पक्षाने दिलेल्या पट्टीवर मतदाराला नको असलेलं नाव खोडता यायचं किंवा त्यावर दुसऱ्या नावाची डिंक लावलेली चिठ्ठी चिकटवता यायची. माझ्या पट्टीवर इलेक्टरांच्या १४ नावांवरून पेन्सिलची एकच तिरपी रेघ आहे. खालची गव्हर्नर वगैरे नावं तशीच ठेवली आहेत. रेघ सुरुवातीला ठाम आहे, शेवटच्या तीन नावांवर फिकी होत जाते. भिंगातून ग्रॅफाइटचे कण कागदाच्या खाचेत अजून चमकताना दिसतात.

पण पेटीत पडलेल्या मतपत्रिका मोजून झाल्यावर सहसा नष्ट होत. म्हणजे ही पट्टी पेटीत पडलीच नसावी. कुणीतरी रेघ मारली आणि मग पट्टी खिशात ठेवली. ब्लेनला मत द्यायचं ठरवून नवी पट्टी घेतली? दुसऱ्या पक्षाची पट्टी टाकली? की गेलाच नाही? गेले आठ महिने मी याचा विचार करते आहे. एका जाणकार विक्रेत्याने रेघ हलक्या हाताने खोडून देण्याची तयारी दाखवली, कोरी पट्टी जास्त भावाने जाईल म्हणाला. मी नाही म्हटलं.

भावांचं थोडक्यात सांगते. निवडणुकीच्या वर्षी सगळंच महाग होतं, खरेदी त्याच्या पुढच्या वर्षी करावी. ‘दुर्मीळ’ या शब्दाला भाव देऊ नका. १९७२ साली डेमोक्रॅट उमेदवार मॅकगव्हर्नने उपाध्यक्षपदासाठी ईगल्टनला घेतलं आणि काही दिवसांतच बदलून श्रायव्हरला आणलं. त्यामुळे ईगल्टनचं नाव असलेलं साहित्य दुर्मीळ, असं सांगून विकतात. प्रत्यक्षात ते भरपूर छापलं गेलं होतं आणि लोकांनी गंमत म्हणून जपूनही ठेवलं. २०२४ मध्ये २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली, त्याआधी छापलेल्या बायडन-हॅरिस पत्रकांचंही तेच होईल असं मला वाटतं. टपालात आलेली माझी तीन तशीच ठेवली आहेत, फुकट.

एक गोष्ट घ्यायला मात्र मन झालं नाही. जुन्या कागदांच्या एका जत्रेत १८६८ च्या सीमोर-ब्लेअर या डेमोक्रॅट जोडीच्या प्रचाराचा कागद पाहिला. हा देश गोऱ्यांचा आहे, राज्य गोऱ्यांनीच करावं, अशी त्यांची उघड घोषणा होती. असे कागद जपले गेलेच पाहिजेत, पण म्युझियममध्ये, जिथे शेजारी सांगणारं कुणी असेल. माझ्या कपाटात तो नको होता. त्याच दिवशी पलीकडच्या टेबलावर शर्ली चिझम यांचं १९७२ चं पत्रक मिळालं. मोठ्या पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. कुणी विकत घेतलेली नाही आणि कुणाच्या हुकमातली नाही, हे त्यांचं घोषवाक्य. ३५ डॉलर दिले, घासाघीस केली नाही.

आता शोधात आहे ते १९२० च्या कॉक्स-रूझवेल्ट या डेमोक्रॅट जोडीचं काहीतरी कागदी. दोघांची चित्रं एकत्र असलेला त्यांचा बिल्ला या छंदातला सर्वांत मोलाच्या वस्तूंपैकी आहे, तो माझ्या आवाक्यातला नाही. पण कॉक्स डेटनचा वृत्तपत्रवाला होता, छापखाना त्याच्या घरचाच. डेटनच्या आसपास एखाद्या घराच्या आवराआवरीत हँडबिल निघायला हरकत नाही. पुढच्या शनिवारी तिकडे दोन सेल आहेत, सकाळी आठला रांग लावणार आहे. अण्णांनी बजावलंय, आधी पालथा करून बघ.