ओ-मेदोकच्या एकाच शातोचे पाच हंगाम: चव, साठवण आणि बुचाचा प्रश्न

2010 च्या वाइनच्या दुसऱ्या बाटलीने दगा दिला नसता, तर हा अनुभव लिहिण्याची घाई मी केली नसती. येथे फ्रान्समधील तुलूझमध्ये एका विक्रेत्याकडून बोर्दो या वाइन-प्रदेशाच्या ओ-मेदोक भागातील एकाच शातोच्या, म्हणजे स्वतःचे द्राक्षमळे असलेल्या वाइन-उत्पादकाच्या, 2009, 2010, 2013, 2014 आणि 2016 या हंगामांच्या प्रत्येकी दोन बाटल्या मी घेतल्या होत्या. शातो 1855 च्या, बोर्दोच्या नामांकित उत्पादकांच्या वर्गवारीतला नाही, त्यामुळे किंमत पगारदार माणसाला झेपण्याजोगी होती. तरीही ती घरखर्चातून बाजूला काढलेली रक्कम होती आणि प्रत्येक बाटलीकडून तिचा पुरेपूर मोबदला मिळावा, अशी माझी रास्त अपेक्षा होती. पहिली फेरी खरेदीनंतर लगेच झाली आणि दुसरी, बाटल्यांनी इमारतीच्या तळघरात एक हिवाळा व एक उन्हाळा काढल्यावर.

पहिल्या फेरीत 2009 ने सर्वांना मागे टाकले. त्या वर्षी बोर्दोत भरपूर ऊन होते, द्राक्षे पूर्ण पिकली आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे घटक, मऊ राहिले. पहिल्या घोटापासूनच ही वाइन मोकळेपणाने बोलते. 2010 चा उन्हाळा कोरडा पण रात्री थंड, म्हणून साखर, आंबटपणा आणि तुरटपणा तिन्ही एकदम चढे. पहिली बाटली दोन तास डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागू देणाऱ्या काचेच्या भांड्यात, ठेवूनही जिभेच्या कडा आवळून धरत होती. पण त्या तुरटपणाखाली काळ्या मनुकांचा आणि देवदाराचा असा गंध होता की दुसरी बाटली राखून ठेवण्यातच शहाणपण आहे, याची खात्री पटली.

ती राखलेली बाटली उघडली तेव्हा बूच अखंड निघाले. वाइनची पातळी गळ्यापर्यंत होती, बुचाचे वरचे टोक काचेच्या काठाशी समतल होते आणि बाजूने ओघळाची रेघ नव्हती. वास मात्र पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटासारखा कुबट. अर्ध्या तासाने तो आणखी वाढला आणि फळाचा गंध पार नाहीसा झाला. हा दोष ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल या संयुगाचा. बुचाच्या सालीतील बुरशी क्लोरीनयुक्त पदार्थांवर प्रक्रिया करते तेव्हा ते तयार होते आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढे असले तरी नाकाला कळते. आरोग्याला त्याचा अपाय नाही, पण वाइन संपते. दहा वर्षांहून अधिक काळ जपलेली मेहनत बोटभर सालीच्या तुकड्याने मातीमोल करावी, हे मला कोणत्याही हंगामाच्या गुणदोषांपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते, आणि वाइनवर लिहिणारे लोक पाऊस-उन्हाची पानेच्या पाने भरून या विषयाला दोन ओळींत वाटेला लावतात याचा मला मनापासून राग येतो.

विक्रेत्याचे म्हणणे असे की माझ्या तळघरातील उष्णतेने बाटली खराब झाली. हे साफ चुकीचे आहे. उष्णतेने बिघडलेल्या वाइनला शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास येतो, बूच वर सरकते, पातळी खाली जाते. येथे यांपैकी एकही खूण नव्हती, आणि ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल ठरावीक उन्हाळ्यात उगवत नाही, ते बहुतेक वेळा बुचातूनच येते. मी बूच, बाटली आणि उरलेली वाइन दुकानात नेऊन दाखवली, फ्रेंच दिवाणी संहितेतील दडलेल्या दोषांबाबतच्या 1641 व्या कलमाचा हवाला देऊन पत्रही लिहिले. उत्तरादाखल पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन आले. सदोष मालाची भरपाई म्हणजे आणखी माल घेण्याचे निमंत्रण नव्हे, म्हणून ते मी परत पाठवले.

या सगळ्यात ज्या हंगामाची कोणी वाखाणणी करत नाही, त्याने मात्र आनंद दिला. 2013 मध्ये फुलोऱ्याच्या वेळी थंडी-पाऊस होता, मेर्लो या द्राक्षजातीची फळधारणा ढासळली, पुढे बुरशीने गाठले आणि पीक अगदी कमी आले. पहिल्या फेरीत ही वाइन मला पातळ वाटली होती. दुसऱ्या बाटलीत तोच हलकेपणा सुबक वाटला: रंगाला विटकरी झाक, वासात ओली पाने आणि लाल करवंदांसारखे आंबटगोड फळ, तुरटपणा जेवणाच्या आड न येणारा. त्याउलट 2009 ची दुसरी बाटली जड आणि किंचित गोडसर लागली. पहिल्या घोटाला खूश करणारी, तिसऱ्या पेल्याला कंटाळवाणी. किंमत पाहता 2013 आज माझ्या यादीत 2009 च्या वर आहे.

2014 चा ऑगस्ट थंड होता, पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हाने हंगाम सावरला. मुरवण्याच्या लाकडी पिंपाचा वास कमी, आंबटपणा टवटवीत, रोजच्या जेवणासाठी सर्वांत विश्वासू. 2016 बद्दल एवढेच सांगतो की ती आत्ता उघडणे म्हणजे पैसे फुकट घालवणे आहे. टॅनिन अजून घट्ट आहे आणि ते एकमेकांत गुंफून साका म्हणून खाली बसायला अवधी लागेल.

साठवणीचे म्हणाल तर तळघरात हिवाळ्यात 13 आणि उन्हाळ्यात 18 अंशांपर्यंत तापमान गेले, आणि बदल सावकाश असल्याने ते बाधले नाही. पुण्या-मुंबईकडे परतताना शुल्कमुक्त मर्यादेत 2 लिटर म्हणजे जेमतेम दोन बाटल्या नेता येतात. तिथल्या कपाटात त्या वर्षानुवर्षे मुरवण्याचा आग्रह धरू नये, पोहोचल्यावर काही दिवस उभ्या ठेवून, साका बसू देऊन, फ्रीजमध्ये वीस मिनिटे गार करून प्याव्यात.

2014 च्या आणखी सहा बाटल्या मी मागवल्या आहेत, दुसऱ्या विक्रेत्याकडून. त्याचा दर प्रत्येक बाटलीमागे तीन युरोंनी जास्त आहे, पण बुचाचा दोष निघाल्यास बाटली बदलून मिळेल असे त्याने पावतीवरच लिहून दिले आहे.