बिटकॉइन कोअरचं स्टॉपॅटहाइट: घरच्या मशीनवर नोड चालवत असाल तर वापराच

सांगलीत विश्रामबागेत आमचा छोटा कोडिंग क्लास आहे, तिथं एकाच मशीनवर फुल नोड (बिटकॉइनचे सगळे व्यवहार स्वतः तपासणारा प्रोग्राम) पण चालतो आणि पोरांचं प्रॅक्टिकल पण, त्यामुळं रीइंडेक्स लावला की तो कुठं थांबणार हे आपल्या हातात असणं आमच्यासाठी लई महत्त्वाचं आहे. म्हणून अख्ख्या बिटकॉइन कोअरचा, म्हणजे नोड चालवायच्या सॉफ्टवेअरचा नाही, स्टॉपॅटहाइट (stopatheight) या एका ऑप्शनचाच रिव्ह्यू लिहितोय. दिलेल्या उंचीला, म्हणजे त्या नंबरच्या ब्लॉकला पोचलं की हा ऑप्शन नोड बंद करतो.

रीइंडेक्स म्हणजे ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा) सगळी खतावणी परत मांडायची, कुठलं नाणं खर्च झालं, कुठलं शिल्लक आहे. ब्लॉक डिस्कवर असतातच, डाउनलोड परत होत नाही, पण ६०० जीबीच्या वरचा डेटा परत वाचायचा म्हणजे साध्या मशीनचा घाम निघतो. त्यात मधेच लाईट गेली तर मेमरीतलं जे डिस्कवर लिहिलं गेलेलं नसतं ते सगळं परत करावं लागतं, आणि डीबीकॅश (नोडला या कामासाठी दिलेली मेमरी) जितका मोठा ठेवाल तितकं हे नुकसान मोठं होऊ शकतं. स्टॉपॅटहाइटला ६३०००० दिलं की मे २०२० च्या हाल्विंगपर्यंत (ब्लॉकमागं मिळणारं नवीन नाण्यांचं बक्षीस निम्मं होतं ते) जाऊन नोड मेमरीतलं सगळं नीट डिस्कवर लिहितो आणि स्वतःच बंद होतो. मग चेनस्टेटचा (शिल्लक नाण्यांच्या खतावणीचा) फोल्डर कॉपी करून ठेवायचा, स्टॉपॅटहाइट आणि रीइंडेक्स दोन्ही ऑप्शन काढायचे, नोड परत चालू करायचा, तो तिथूनच पुढं जातो. पुढं चेनस्टेट बिघडलं तरी, ब्लॉक फाइली चांगल्या असतील तर २००९ ला परत जायची गरज नाही, ही कॉपी टाकायची आणि पुढं चालू. मला तर हे फार म्हणजे फारच आवडलंय.

दुसरा उपयोग तुलनेचा. डीबीकॅश डीफॉल्ट ठेवून एकदा आणि वाढवून एकदा, दोन्ही वेळेला एकाच उंचीला थांबवा, मग कळतं रॅम वाढवून खरंच फरक पडतोय का. साध्या हार्ड डिस्कवर नोड चालवणाऱ्यांनी हे एकदा तरी करून बघा, पोरांना शिकवायला पण हा प्रयोग एकदम मस्त आहे.

एक ध्यानात ठेवा, आकडा ब्लॉकचा आहे, वेळेचा नाही. सुरुवातीचे ब्लॉक जवळजवळ रिकामे, ते पटापट पळतात, २१०००० पर्यंत म्हणजे २०१२ च्या हाल्विंगपर्यंत तर कळत पण नाही, पण पुढं ब्लॉक भरत जातात आणि वेग पडतो, त्यामुळं अर्धी उंची झाली म्हणजे अर्धं काम झालं असं अजिबात धरू नका. डीबग लॉगमधल्या अपडेटटिपच्या ओळी बघत राहा, त्यात उंची दिसते. आणि बंद होता होता पुढचे काही ब्लॉक जोडले जाऊ शकतात, हे त्यांच्या हेल्पमध्येच लिहिलंय, म्हणून अगदी नेमका आकडा पाहिजे असेल तर लॉगमधली अपडेटटिपची शेवटची ओळ तपासा.

माझी तक्रार एकच, इतका कामाचा ऑप्शन साध्या हेल्पमध्ये दिसतच नाही, हेल्प-डीबग दिल्यावरच सापडतो. नवीन माणसाला कसं कळणार? हा वर पाहिजे होता.

पूर्ण रीइंडेक्स लावला तर आधी सगळ्या ब्लॉक फाइली वाचून होतात आणि मगच उंची वाढायला लागते, म्हणून ब्लॉक फाइली चांगल्या असतील आणि प्रुनिंग (जागा वाचवायला जुने ब्लॉक डिस्कवरून काढणं) नसेल तर रीइंडेक्स-चेनस्टेटच वापरा, तो फक्त चेनस्टेट परत बांधतो. फक्त तो कमांडमध्ये द्या, कॉन्फिग फाइलमध्ये नको, नाहीतर नोड दर वेळी पहिल्या ब्लॉकपासून सुरू करंल.