चोपड्याच्या मिस्त्रींनी सरळ केलेले चाक

रावेरहून निघून सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर असे करीत शहाद्याला पोहोचणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग हा सामान लादलेल्या सायकलीसाठी खानदेशातला सर्वांत आनंदाचा रस्ता आहे, असे माझे मत आहे. पश्चिमेकडे निघाले की उजव्या हाताला सातपुडा सोबत चालतो, डाव्या हाताला तापीच्या दिशेने केळीच्या बागा पसरलेल्या असतात आणि काही अंतरावर पुन्हा एखादे आपल्याच तोऱ्यात जगणारे गाव लागते. 1936 साली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन ज्या फैजपुरात झाले, तिथे आज चौकात चहा पिताना केळीच्या गाड्यांची ये-जा पाहण्यात अर्धा तास सहज जातो. मात्र या वाटेवर गिअरच्या सायकलीचे काम जाणणारा माणूस भेटेल का, अशी विचारणा मला वारंवार होते, म्हणून चोपड्यातील एका जुन्या दुरुस्तीच्या दुकानाविषयी जरा सविस्तर लिहितो.

जानेवारीतल्या प्रवासात अडावदजवळचा उनपदेवचा गरम पाण्याचा झरा पाहून मी हमरस्त्याकडे परतत होतो, तेव्हा मागच्या चाकातली गिअरच्या बाजूची एक तार (स्पोक) कोपऱ्यातून तुटली आणि रिम ब्रेकला घासू लागली. निघण्यापूर्वी मी एका मोठ्या शहरातील दुकानातून चाक तपासून घेतले होते. तिथे तारांचा ताण सारखा केलेला नव्हता, हे पुढे कळले. ढिली राहिलेली तार प्रत्येक फेऱ्याला थोडी वाकते, सरळ होते आणि शेवटी हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, असलेल्या वळणात तुटते. त्यातून कॅरियरवर 14 किलो सामान होते. मागचा ब्रेक मोकळा करून मी हळूहळू चोपड्याला पोहोचलो.

दुकान म्हणजे एक दार, एक खिडकी आणि बाहेर पाण्याचे घमेले. साठीच्या पुढचे मिस्त्री खाली बसूनच काम करतात. त्यांनी आधी ‘कथा जाई राह्यनात भाऊ?’ असे विचारले आणि शहादा हे उत्तर ऐकल्यावर हातातले पंक्चर पुरे करून माझी सायकल उलटी केली. कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, काढल्याशिवाय त्या बाजूची तार बसत नाही. कॅसेटचा पाना आणि मापाच्या दोन तारा माझ्याजवळ होत्या, पण चकत्या धरून ठेवायचे हत्यार नव्हते. त्यांनी जुन्या चेनचा तुकडा मोठ्या चकतीभोवती गुंडाळला, टोक पक्कडीत घट्ट धरले आणि दोन झटक्यांत कॅसेट आवळून धरणारे कडे सैल केले.

खरे कौशल्य त्यानंतर दिसले. नवी तार ओवल्यावर त्यांनी लगेच आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला घेतले नाही. चाकातल्या छत्तीस तारा एकेक करून अंगठ्याच्या नखाने छेडल्या आणि कान चाकाजवळ नेला. ‘हाई तार बोलस नही,’ असे म्हणत त्यांनी चार ढिल्या तारा शोधून त्यांच्या निपलांवर, म्हणजे तार रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांवर, खडूची खूण केली. एका बाजूच्या सगळ्या तारांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा, हे मी वाचलेले होते. पण नुसत्या कानाने इतक्या लवकर ढिली तार ओळखणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मग खडू रिमजवळ स्थिर धरून चाक फिरवायचे, जिथे खडू लागेल तिथे निपलाला पाव फेरा द्यायचा, पुन्हा फिरवायचे, असे पाऊण तास चालले. काम संपल्यावर चाक चिमट्यात उलटे बसवून रिम मध्यावर आहे की नाही, हेही त्यांनी बोटाने ताडून पाहिले. मजुरी 80 रुपये झाली. कामाच्या मानाने ती फारच कमी आहे आणि लांबून येणाऱ्या स्वारांनी आपण होऊन जास्त द्यावी, असे मला मनापासून वाटते.

उणिवाही सांगायला हव्यात. सायकल उलटी करून काम होत असल्याने हँडलवरचा आरसा, दिवा आणि पिशवी आधी काढून ठेवावी; माझ्या आरशावर चरा पडला. शेवटी चेनला जळके ऑइल लावायची मिस्त्रींची सवय आहे. त्यावर धूळ धरते, म्हणून वेळीच नम्रपणे नको म्हणावे. दुकान सकाळी दहाच्या आधी उघडत नाही, त्यामुळे पहाटे निघणाऱ्यांनी दुरुस्ती आदल्या संध्याकाळीच उरकावी.

सुट्या भागांच्या बाबतीत मात्र या दुकानावर भिस्त ठेवू नये. इथे साध्या सायकलींचे 28 आणि 26 इंची टायर मिळतात. आपल्या गिअरच्या सायकलीच्या 700 सी रिमची बैठक, म्हणजे टायरची कड जिथे बसते तिथला व्यास, 622 मिलिमीटरची असते आणि 28 × 1½ टायरची 635 मिलिमीटरची, म्हणून तो टायर आकाराने जवळचा दिसला तरी रिमवर धरत नाही. 26 इंचाचेही तसेच आहे: 26 × 1⅜ ची बैठक 590 आणि जाड टायरच्या माउंटन सायकलीची 559. बारीक प्रेस्टा वालची ट्यूब इथे नाही आणि दुकानातल्या पंपाचे तोंडही त्या वालला बसत नाही, म्हणून पितळी अ‍ॅडॉप्टर, दोन ट्यूब, मापाच्या तारा आणि कॅसेटचा पाना स्वतःजवळच बाळगावा. या वाटेवर बाभळीचे काटे पुष्कळ आहेत, त्यामुळे पंक्चरचे सामानही भरपूर असू द्यावे.

चोपड्याहून अनेर ओलांडून शिरपूर, तिथून शहादा आणि पुढे तापीकाठचे प्रकाशे, एवढे अंतर त्या चाकाने तितक्याच सामानासह कापले. घरी आल्यावर मी चाक स्टँडवर चढवून फिरवले आणि एकेक तार नखाने छेडून पाहिली. गिअरच्या बाजूच्या अठराही तारा एका सुरात वाजल्या.