सीबीटी-आय कोच: डोक्याला मार लागल्यानंतरच्या निद्रानाशासाठी कितपत उपयोगी?

डोक्याला मार लागल्यावर महिनोन्‌महिने झोप बिघडलेली राहणं सर्रास आढळतं. अशा मेंदूला झोपेच्या गोळ्या सहसा मानवत नाहीत: सकाळी गोंधळल्यासारखं होतं, विसरभोळेपणा वाढतो, तोल जातो. म्हणून आधी सीबीटी-आय, म्हणजे सवयी आणि विचार बदलून झोप सुधारण्याचा उपचार. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचं ‘सीबीटी-आय कोच’ हे मोफत ॲप थेरपिस्टच्या जोडीने हा उपचार घेणाऱ्यांसाठी आहे. त्यात मराठी नाही.

खरं काम करते ती ॲपमधली झोपेची डायरी, म्हणजे कधी झोपलो, किती वेळ जागे होतो याची रोजची नोंद. समजा, रुग्ण रात्री १० ते सकाळी ६:३० अंथरुणात असतो, पण झोपतो पावणेसहा तासच. ३४५ भागिले ५१० मिनिटं, म्हणजे अंथरुणातल्या वेळापैकी खरी झोप जेमतेम ६८ टक्के. मग अंथरुणातला वेळ सहा तासांवर आणायचा: १२:३० ला आडवं व्हायचं, उठायचं ६:३० लाच. आठवडाभराची सरासरी ८५ टक्क्यांवर गेली की १५ मिनिटं लवकर झोपायचं. पाच-साडेपाच तासांच्या खाली कधीच जायचं नाही.

घोडं अडतं ते इथेच. रात्री किती वेळ जागे होतो हे स्मरणशक्ती दुखावलेल्या माणसाला सकाळी आठवत नाही. नोंद अंदाजे झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. म्हणून घरातल्या एकाने रोज चहाच्या वेळी शेजारी बसून ती भरून घ्यावी. स्क्रीनकडे पाहून डोकं दुखत असेल तर साधी वहीसुद्धा चालते.

दुसरा धोका मोठा आहे. जागरणाने आकडी येऊ शकते. मार लागल्यानंतर आकडी येऊन गेली असेल तर झोपेचे तास असे एकदम कापू नयेत. न्यूरॉलॉजिस्टला विचारून आठवड्याला १५-२० मिनिटं इतक्या हळू कमी करावेत. सुरुवातीच्या दिवसांत पेंग येत असताना गाडी चालवणं बंद.

स्नायू सैल करण्याचे आणि श्वासाचे व्यायाम चांगले आहेत, पण रात्री २ वाजता फोन हातात घेऊन नव्हे, संध्याकाळीच करावेत. दुपारची डुलकी ३ च्या आत, फार तर अर्धा तास. अपघात ताजा असेल तर मात्र मेंदूला जास्त झोप लागते, तेव्हा हे बंधन नको.

घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं (स्लीप ॲप्निया) असेल तर आधी झोपेची तपासणी करून घ्यावी. स्लीप ॲप्नियावर या ॲपचा इलाज नाही. चालू असलेल्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय अचानक थांबवू नयेत.