आरक्लोनचा क्रिप्ट रिमोट: सेटिंग बदलायची की नवा रिमोट बनवायचा?

आरक्लोन हे फाइली क्लाउडवर चढवणारं-उतरवणारं साधन; त्याचा क्रिप्ट रिमोट म्हणजे फाइली एन्क्रिप्ट करून क्लाउडवर ठेवणारी जोडणी. आधीच भरलेल्या क्रिप्ट रिमोटवर कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) पासवर्ड, सॉल्ट (जोडीचा दुसरा पासवर्ड) किंवा फाइलनावांची पद्धत बदलणं हे दोन मिनिटांचं काम. पण त्याने क्लाउडवरची एकही फाइल नव्याने एन्क्रिप्ट होत नाही; बदलते ती फक्त वाचणाऱ्याची किल्ली. नावं एन्क्रिप्टेड असतील तर पासवर्ड बदलल्यावर ती उलगडत नाहीत. आरक्लोन लॉगमध्ये सूचना टाकतो, त्या फाइली वगळतो आणि फोल्डर रिकामं दिसतं. अशा वेळी क्लाउडकडून घरच्या डिस्कवर सिंक (एक बाजू हुबेहूब दुसरीसारखी करणं) चालवलं, तर डिस्कवरचा डेटाही पुसला जाऊ शकतो. नावांचं एन्क्रिप्शन बंद असेल तर प्रकार आणखी फसवा: यादी व्यवस्थित, आकारही बरोबर, पण फाइल उघडताना 'बॅड पासवर्ड?' ही चूक.

नवा रिमोट म्हणजे नवं फोल्डर, नवा पासवर्ड आणि जुन्यातून 'कॉपी' (सिंक नव्हे). डेटा तुमच्या मशीनवर येऊन उलगडतो आणि पुन्हा एन्क्रिप्ट होऊन वर जातो. ५०० जीबी असेल तर ५०० खाली, ५०० वर, शिवाय तेवढ्या काळापुरती दुप्पट जागा. कटकट आहेच. तरी पासवर्ड बदलायचा असेल तर हाच मार्ग धरावा. मूळ फाइली हाताशी असतील तर त्याच थेट चढवा आणि 'क्रिप्टचेक' या आरक्लोनच्या कमांडने ताडून पाहा. जुनं फोल्डर त्यानंतरच काढा.

जुन्या रिमोटवर 'स्ट्रिक्ट नेम्स' चालू ठेवा. न उलगडणारं नाव आलं की सूचनेऐवजी चूक येते. हा पर्याय नव्या आवृत्त्यांतच मिळतो.